आत्याकडून

माहेरच्या कपाटात माझं एक फुलपात्र आहे. स्टीलचं, बुडाशी किंचित चेपलेलं. काठाखाली छिन्नीनं ठोके मारून नाव घातलंय : ‘चि. वैशाली हिस बारशानिमित्त, आत्याकडून’. त्याखाली तारीख, १२-१२-९३. ‘निमित्त’ला जागा पुरली नाही, म्हणून शेवटचं अक्षर ओळीतून खाली घसरलंय. माझे वडील अण्णा आणि दोघे काका मिळून आमच्या घरात नऊ पोरं, आणि प्रत्येकाचं असं एक फुलपात्र. नऊही आत्यानं विड्या वळून साठवलेल्या पैशातून घेतलेली. पण तिचं स्वतःचं नाव एकावरही नाही. ‘आत्याकडून’, एवढंच.

तिचं नाव धोंडाबाई.

२०२२ च्या पावसाळ्यात ती गेली. दीडेक वर्षानं मला दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, मुलगी झाली तर तिच्या नावात आत्या असेल. मुलगा की मुलगी हे अर्थातच कुणाला माहीत नव्हतं. मुलाच्या नावावर तर अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत झालं. मुलीच्या नावाला मात्र सात-आठ महिने लागले, आणि त्या महिन्यांत आत्याबद्दल मला जे कळलं ते ती असताना कधी कळलं नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवतेय.

आत्या अण्णांची थोरली बहीण. आमच्याकडे सोलापुरात कानडीच्या शेजारामुळे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, अण्णा तिला शेवटपर्यंत अक्काच म्हणायचे. त्यांची आई गेली तेव्हा अक्का नऊ वर्षांची होती आणि अण्णा दीड वर्षाचे. मधले दोघे काका पाच आणि तीन. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिलचा भोंगा झाला की ते निघायचे, आणि त्यानंतर घर नऊ वर्षांच्या पोरीचं. दुसरीनंतर तिची शाळा सुटली ती तेव्हाच. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, वर्षाच्या आत ती परत आली. का आली ते आमच्या घरात कुणी बोलत नसे. त्यानंतर अशोक चौकाच्या बाजूला आमच्या गल्लीत राहणाऱ्या तेलुगू बायकांनी तिला विडी वळायला शिकवलं आणि पुढची पन्नास वर्षं तिनं तेच केलं.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळायचं, टोक नखानं आत मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, हाताकडे न बघता. उजव्या अंगठ्याचं नख तिनं मुद्दाम वाढवलेलं होतं, ते कायम पिवळं असायचं. दिवसाला हजार विड्या झाल्या की ती सूप खाली ठेवायची आणि म्हणायची, “झालं बाई, आता मी तुमची.”

आमची सगळ्यांची नावं तिनं ठेवली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे सगळीकडेच आहे. पण बहुतेक घरांत नाव आधी ठरलेलं असतं आणि आत्या फक्त ‘कुर्र्र’ करते. आमच्याकडे नाव ती स्वतः निवडायची आणि कानात सांगेपर्यंत कुणाला कळू द्यायची नाही. चांगलं नाव कानावर आलं की कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीनं लिहून ठेवायची. रेडिओवर ऐकलेलं, दहावीच्या निकालात छापून आलेलं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या पोरीचं. माझं नाव कुठून आलं विचारलं की म्हणायची, “पंढरपूरच्या गाडीत मिळालं.”

आता अडचण सांगते. तिचं नाव ठेवायला तिनंच मनाई करून ठेवली होती.

माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या बारशाची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते. वहिनी कौतुकानं म्हणाली, “आत्याबाई, धनश्री ठेवू या का? तुमच्या नावातला ध येतो.” आत्या पाळण्याला गाठ मारत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “माझ्या नावाचं अक्षरबी नको. दगडाचं नाव हाय ते. मेल्या लेकरांच्या पाठीवरचं.” सगळं घर गप्प झालं. मग तिनंच हसून विषय बदलला आणि दुपारी पोरीच्या कानात ‘श्रावणी’ सांगितलं.

तिच्या आधीची दोन भावंडं बाळपणीच गेली होती. अशा घरात तिसरं झालं की त्याला दगडू, धोंडू, केरू, भिकू असं नाव ठेवायची चाल होती. ज्याला कुणी बघणार नाही, ज्याची कुणाला हाव सुटणार नाही, असं नाव. मृत्यूनं उंबऱ्यातून आत डोकावून ‘इथं काय, दगड आहे’ म्हणून परत जावं, एवढीच त्या आईबापांची आशा. मला त्या नावामागची माया कळते. पण ते नाव पंचाहत्तर वर्षं अंगावर वागवणं काय असतं ते तिलाच माहीत. विड्या द्यायला गेली की तिथं नाव पुकारलं जायचं आणि रांगेतली नवी पोरं हसायची. ती पुढं होऊन हिशेबाच्या वहीवर सही करायची. एवढ्यासाठीच ती सही शिकली होती.

तर तिची मनाई मोडायची नाही आणि तरी तिला नावात आणायचं. डोहाळजेवण झालं त्या रात्री मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एक यादी करून आणली. दगड, खडक, डोंगर यांच्यावरून आलेली मुलींची नावं : शिला, शैला, शैलजा, गिरिजा, अश्मी. नाव तिचं नाही, अर्थ तिचा. मला ते पटलं. दोन दिवस मी मनातल्या मनात ‘शिला’ म्हणून हाक मारून बघितली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना हात थांबला. तिला नको होता तो दगडच होता, आणि मी तोच उचलून दुसऱ्या शब्दात गुंडाळत होते. संस्कृतात नेला म्हणून दगड हलका होत नाही.

अण्णांची अडचण वेगळी होती. मृत माणसाचं नाव नातवंडाला द्यायला त्यांची ना नव्हती, आमच्या भावकीत आजोबांचं नाव चौघांना आहे. पण ते म्हणाले, “उद्या अभ्यास केला नाही म्हणून तू तिच्यावर ओरडशील. अक्काचं नाव घेऊन ओरडशील. मला ते ऐकवणार नाही.” ही भीती जुनी आहे. म्हणून तर कितीतरी घरांत आजी-आजोबांचं नाव कागदावर एक आणि हाकेला बाळ्या, छकुली, सोनी असं दुसरंच असतं. आमच्या शेजारच्या अक्कांना, ज्यांनी आत्याला विडी शिकवली त्यांच्या सुनेला, हे सगळं ऐकून नवल वाटलं. त्यांच्या तेलुगू घरात नातवाला आजोबांचं आणि नातीला आजीचं नाव देतात, त्यात विचारायचं काय असतं, असं त्यांचं म्हणणं. “आमची सासू आमच्या घरात अजून फिरतीय की,” त्या त्यांच्या पाच वर्षांच्या नातीकडे बोट दाखवून म्हणाल्या. मला त्यांचा हेवा वाटला.

मग एका दुपारी मी अण्णांना विचारलं, लग्नात आत्याचं नाव बदललं होतं का? ते जेवत होते. शेंगाचटणीवर तेल घालता घालता त्यांचा हात थांबला. म्हणाले, “कमल.” ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेलं नाव. वर्षभर ती कमल होती. घरात हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. किती साधं, देखणं नाव. कुणी हसणार नाही, कुणी चिडवणार नाही. मी म्हटलं, “अण्णा, मग हेच...” त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. “परत आली तेव्हा दारात उभी राहून पहिल्यांदा काय म्हणाली माहिताय? मला धोंडा म्हण. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन.” ते पुढं बोलले नाहीत. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. कमल हे नाव मी त्याच क्षणी सोडून दिलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी कावीळ चढली म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेलं ते इवलंसं तोंड मी काचेतून बघत होते, आणि हाक मारायला माझ्याकडे नाव नव्हतं. त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा आमच्या पणजीचं, आजीचं, त्या सगळ्या बायकांचं कळलं. दोन लेकरं गेल्यावर तिसऱ्याचं नाव दगड ठेवणारी आई वेडी नव्हती. त्या काचेपाशी उभं राहून मीसुद्धा कुठलंही नाव ठेवलं असतं.

ती बरी झाली, घरी आली. बाराव्या दिवशीचं बारसं मात्र राहून गेलं आणि सव्वा महिन्यावर गेलं. तोवर शेजारच्या अक्का तिला ‘बुज्जी’ म्हणायला लागल्या आणि घरभर बुज्जीच झाली.

सासूबाईंनी पत्रिका करून घेतली. स्वाती नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘रो’. नाव ‘रो’वरून असावं असं त्यांच्या मनात होतं. त्या हट्ट करत नव्हत्या, पण रोज एकदा नवं नाव सांगायच्या. रोहिणी, रोचना, रोमा. मी काही बोलत नव्हते, कारण माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं.

बारशाचं आमंत्रण द्यायला अण्णा गावी गेले. आमचं मूळ गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारीच्या रानातलं. तिथं अण्णांच्या चुलत्याची बायको आहे, नव्वदी ओलांडलेली, आमची थोरली आजी. ती लहान वयात लग्न होऊन त्या घरात आली होती, आत्याच्या जन्माआधी. अण्णांनी चुलतभावाच्या फोनवरून मला व्हिडिओ कॉल लावला. आजीनं फोन इतका जवळ धरला की मला नुसतं कपाळ, गोंदण आणि पांढऱ्या केसांची कड दिसत होती. तिनं बाळ बघितलं, बोटं मोडली, मग विचारलं, “नाव काय काढलंस गं?”

मी म्हटलं, “आत्याचं काढायचं होतं, पण जमंना.”

“धोंडीचं? का जमंना?”

“दगडाचं नाव आहे ना, आजी.”

“कसला दगड?” ती ओरडलीच. “धोंड्याच्या महिन्यात झाली म्हणून धोंडा. झेंडा लागला त्या साली. गावात झेंडा लागला तवा तिचं बारसं होऊन तीन-चार दिस झाल्ते. घुगऱ्या उरल्या होत्या, मीच वाटल्या.”

माझ्या हातातून दुपटं खाली पडलं. अण्णा फोनच्या मागे कुठंतरी उभे होते, ते दिसत नव्हते, पण त्यांचा आवाज आला नाही तो आला नाहीच.

मी रात्री हे सासऱ्यांना सांगितलं. मामा निवृत्त शिक्षक, आणि त्यांना पंचांगाचा नाद. आमच्या सोलापुरातूनच निघणारं दाते पंचांग ते दरवर्षी घेतात आणि जुनं टाकून देत नाहीत. लोखंडी पेटीत चाळीसेक वर्षांची रचून ठेवलीत. आत्याच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जून १९४९ होती. शाळेत नाव घालताना जिथं तारीख माहीत नसायची तिथं मास्तर १ जून लिहायचे, त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. त्या तारखेचा काही उपयोग नव्हता. मामा म्हणाले, झेंड्याचं साल म्हणजे १९४७, ते आपण बघू.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. ते दिवस साठत जातात आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरावा लागतो. तोच अधिक मास, आपला धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे द्यायचे तो. मामांनी सांगितलं की १९ वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब पुन्हा जवळजवळ जुळतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच महिना पुन्हा अधिक येतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, तो सगळ्यांच्या लक्षात होता. त्यांनी बोटांवर मागं मोजलं. २००४, १९८५, १९६६, १९४७. मग पेटी उघडली आणि शके १९०७ चं, म्हणजे १९८५ चं पंचांग काढून माझ्यासमोर धरलं. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. ‘अधिक श्रावण’ असं ठळक छापलेलं. १९४७ चं त्यांच्याकडे नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या मित्राकडे जाऊन खात्री करून घेतली : त्या साली अधिक श्रावण १८ जुलैला सुरू होऊन १६ ऑगस्टला संपला. १५ ऑगस्ट अधिक महिन्यातच. बारसं होऊन तीन-चार दिवस, म्हणजे जन्म जुलैच्या अखेरीस. थोरल्या आजीचं म्हणणं दिवसांसकट जुळत होतं.

मग आत्याला हे माहीत का नव्हतं? तिची आई लवकर गेली. आजोबा फार न बोलणारे. तिच्या आधीची दोन लेकरं गेली होती हेही खरंच होतं, त्यामुळे गल्लीतल्या कुणीतरी कधीतरी दगडाचा अर्थ लावला असेल आणि नऊ वर्षांच्या पोरीनं तोच खरा धरला असेल. किंवा आई-वडिलांच्या मनात दोन्ही असेल, महिनाही आणि भीतीही. थोरली आजी म्हणते फक्त महिना. अण्णा म्हणतात दोन्ही. मला रोज वेगळं वाटतं.

नाव सुचवलं ते सासूबाईंनी. मामा पंचांग पेटीत परत ठेवत होते, बाळ माझ्या मांडीवर होतं, आणि त्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अधिक महिन्याची ना त्या? मग अधिका म्हणा की.” एवढे दिवस ‘रो’ ‘रो’ करणाऱ्या सासूबाई! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या म्हणाल्या, “पत्रिकेत रोहिणी राहू दे. लग्न-मुंजीला गुरुजी विचारतील तेव्हा तेच सांगू. हाकेला अधिका.”

मी म्हणून बघितलं. अधिका. बुज्जीनं जांभई दिली.

पण त्याच रात्री दीड वाजता, तिला पाजताना, माझ्या ध्यानात आलं की या नावात ध आहे. अ-धि-का. मधोमध. आणि आत्याचं वाक्य कानात जसंच्या तसं वाजलं : माझ्या नावाचं अक्षरबी नको. सकाळपर्यंत झोप लागली नाही. तिची इच्छा पाळायची म्हणून मी इतके महिने घासाघीस केली आणि शेवटी तिच्याच अक्षराशी येऊन थांबले. सकाळी उठल्या उठल्या अण्णांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. फोनवर गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड ऐकू येत होती, ते बाहेर ओट्यावर बसले होते.

मग म्हणाले, “धोंड्याच्या महिन्यात अक्का पुरण शिजवायची. काकांचे जावई, तुझा नवरा, सगळ्यांची ताटं तिनं वाढली. २००४ ला, २०१५ ला, २०१८ ला. तिला कुणी बोलावलं नाही कधी, तिला जावई नाही न् नवऱ्याकडचं कुणी नाही. सगळ्यांच्या पाठीमागनं एक धोंडा खायची, चुलीपाशी बसून. लई आवडायचा तिला.” थोडं थांबून म्हणाले, “तिचाच महिना होता तो. आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ठेव नाव.”

मी विचारलं, “आणि मी ओरडले तर?”

“अधिकावर ओरड की. धोंडाक्कावर नको.”

बारसं माहेरी झालं. पाळण्यात सोलापुरी चादरीची चौघडी घातली होती, त्यावर आत्याच्या जुन्या लुगड्याचं दुपटं. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत बाळ पाळण्याच्या वरून-खालून गेलं, बायकांनी पाळणा म्हटला. माझी नणंद पुण्याहून आली होती, आता बाळाची आत्या ती. तिनं कानाशी वाकून ‘कुर्र्र’ केलं, आणि चार जणींनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव सगळ्यांना माहीत होतं, तरी ती कानात नेमकं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

कागदाची बाजू सोपी होती, तरी एक गोष्ट सांगते, कारण नवीन आईबापांना उपयोगी पडेल. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की विनाशुल्क होते, ती दवाखान्यामार्फत आधीच झाली होती. नाव घालायला घाई करावी लागत नाही : नोंदीपासून १२ महिन्यांत घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण एकदा घातलेलं बदलणं फार कटकटीचं, म्हणून घालताना नीट बघा. आमच्या खिडकीवरच्या माणसानं नाव ऐकलं आणि ‘राधिका’ टाइप केलं. पहिल्या मसुद्यात तेच आलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ‘अधीका’. तिसऱ्यांदा मी कागदावर लिहून दिलं, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, आणि दोन्ही अक्षर-अक्षर वाचून मगच मान हलवली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पुढं सगळीकडे जन्माचा दाखला म्हणून हाच कागद लागणार आहे. आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, आपल्या राज्यात, सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे दाखल्यावर अधिका आणि वैशाली शेजारी-शेजारी आहेत. एक आत्याच्या महिन्याचं नाव, एक आत्यानं पंढरपूरच्या गाडीत मिळवलेलं.

बारशाच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आईनं डाळीच्या डब्यातून एक पुडी काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पाचशेची नोट, घड्या पडून मऊ झालेली. आत्या आजारी होती तेव्हा तिनं आईकडे देऊन ठेवली होती. वैशूच्या बाळाच्या फुलपात्राला. तेव्हा मला दिवसही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आणि नणंद मधल्या मारुतीच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात गेलो. फुलपात्र निवडलं, माझ्यासारखंच, कडेला एक रेघ असलेलं. आता छिन्नी-हातोडी राहिली नाही, विजेच्या पेननं नाव घालतात, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा आवाज येतो. दुकानातल्या काकांनी चष्मा खाली ओढून ‘चि. अधिका हिस बारशानिमित्त’ एवढं कोरलं. या वेळी ‘निमित्त’ पुरं बसलं.

“कोणाकडून?” त्यांनी विचारलं. “आत्याकडून घालू?”

नणंदेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नाव घाला. धोंडाबाईकडून.”

त्यांनी पेन उचललं, मग थांबले. “धोंवर अनुस्वार ना?”

“हो,” मी म्हटलं, “ठळक द्या.”